खुब्याच्या ऑपरेशननंतर आईच्या पाठीला जखम: कुठली एअर गादी घ्यावी?

प्रश्न असा आला आहे. जांबोटीकडच्या एका गृहस्थांची ७२ वर्षांची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, बेळगावात ऑपरेशन झालं. दुसऱ्या आठवड्यात माकडहाडावर जखम दिसली. आता जखमेच्या तळाशी पिवळसर चरबी दिसते, उजव्या टाचेवर काळा डागही आहे. आईला शुगर आहे. राउंडला आलेले डॉक्टर ‘एअर बेड आणा’ एवढंच सांगून पुढे गेले. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले: २,८०० रुपयांची फुग्यांची गादी, ९,००० ची नळ्यांची, आणि लाखाच्या पुढची एक. यातली कुठली घेतली तर जखम भरेल, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. नळ्यांची घ्या, भाड्याने मिळाली तर आणखी बरं. लाखाची आत्ता नको. उरलेल्या पैशात रात्रीची एक बाई ठेवा, जिला पेशंटची कूस बदलता येते. आणि गादी आणल्यावर ती कशी घातली आहे ते स्वतः तपासा. माझा अनुभव असा की गादी चुकीची निवडल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त बरी गादी चुकीची घातल्याने होतं.

मी बेळगावात सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. जखमांचं ड्रेसिंग हा रोजचा उद्योग. खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडून चंदगडपर्यंतचे पेशंट येतात आणि त्यांच्या मागोमाग नातेवाईकांच्या काखेत गुंडाळलेली एअर गादीही येते. ती उलगडून बघितली की निम्मं कळतं.

आईच्या पाठीला काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे गादीचं काम कळेल. माकडहाडाच्या वरचं मांस एका बाजूने हाड आणि दुसऱ्या बाजूने गादी यांच्यात चेपलं जातं. रक्त पोचत नाही हा एक भाग. पण नुसतं दाबलं जाणं नाही, मांस वेडंवाकडं ताणलं जातं, आणि त्या ताणाने पेशी थेट मरतात, काही वेळा रक्त थांबल्याने मरतील त्याच्या कितीतरी आधी. हे बहुतेक वेळा हाडालगत, आत सुरू होतं. म्हणून वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आतून वाटीएवढी पोखरलेली असू शकते. तुम्ही सांगताय तशी चरबी दिसत असेल तर ती तिसऱ्या टप्प्याची जखम आहे. पहिल्या टप्प्यात कातडी अखंड असते, पण बोटाने दाबूनही लाली जात नाही. दुसऱ्यात वरची कातडी सोलवटते. तिसऱ्यात चरबी दिसते. चौथ्यात स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा दोर) किंवा हाड. तिसऱ्या टप्प्याची जखम भरायला आठवडे नव्हे, महिने लागतात. हे आत्ताच मनाशी धरा, नाहीतर पंधरा दिवसांत गादी फुकट गेली असं वाटेल.

दुकानदार तुम्हाला ३२ हा आकडा सांगेल. ‘३२ मिलिमीटरच्या (म्हणजे पाऱ्याच्या, बीपी मोजतात त्या मापाच्या) खाली दाब ठेवते आमची गादी.’ हा आकडा १९३० सालच्या लँडिस या संशोधकांच्या प्रयोगातला आहे. त्यांनी निरोगी माणसांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांतला दाब मोजला होता. शुगर असलेल्या, ऑपरेशन झालेल्या, रक्त कमी असलेल्या म्हातारीच्या माकडहाडाला तो लागू होईल असं त्यांनी कुठे म्हटलं नाही. हा आकडा सांगून किंमत वाढवणाऱ्याला नुसतं हो म्हणा आणि पुढच्या प्रश्नावर या: गादी फुगल्यावर किती उंच होते?

उंची का विचारायची? फुग्यांच्या स्वस्त गादीत हवेची जाडी दोन-अडीच इंच असते, नळ्यांच्या गादीत चार-पाच इंच. माणूस गादीत जितका खोल रुततो तितकं वजन जास्त जागेवर पसरतं आणि हाडाच्या टोकावरचा भार उतरतो. रुतायलाच जागा नसेल तर बूड खाली टेकतं. गवत दबलेल्या बैलगाडीत बसल्यावर फळी लागते ना, तसं. सडपातळ पेशंटला, जखम नसताना, खबरदारी म्हणून फुग्यांची गादी चालून जाते. जखम तिसऱ्या टप्प्याची असताना मी ती सुचवत नाही.

दोन्ही गाद्यांचं तत्त्व मात्र एकच. पंप आळीपाळीने एका ओळीत हवा भरतो, दुसरीतली काढतो. साधारण दहा मिनिटांत चक्र पुरं होतं आणि अंगाखालची टेकण्याची जागा बदलत राहते. दुसऱ्या जातीच्या गाद्यांत पंपाचा हा खेळ नसतो. हवा, चांगल्या प्रतीचा फोम किंवा जेल अंगाच्या आकाराप्रमाणे दबून वजन पसरवतात. जुन्या दवाखान्यांत अजून दिसणारा रबरी वॉटर बेड याच जातीचा. तो वाईट नाही, पण हलवायला जड, पावसाळ्यात गार, आणि पाणी कमी भरलं की खालची फळी लागतेच. लाखाच्या पुढची जी दाखवली ती बहुधा बारीक छिद्रांतून सतत हवा सोडणारी असेल. तिने कातडी कोरडी आणि थंड राहते, आणि हा फायदा खरा आहे. त्याच्याही वर बारीक मण्यांत हवा खेळवून पेशंटला जवळजवळ तरंगत ठेवणारे पलंग आहेत. ते फार जड असतात, घरात ठेवायची वस्तू नव्हे.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. गादीने जखम भरते का? जगभरचा पुरावा बघितला तर लोकांना वाटतं तेवढा तो भक्कम नाही. ब्रिटनमध्ये ४२ ठिकाणी २,०२९ पेशंटवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१९ मध्ये आले. एका गटाला आळीपाळीच्या दाबाची गादी, दुसऱ्याला उत्तम प्रतीचा फोम. दुसऱ्या टप्प्याची किंवा त्याहून खोल अशी नवी जखम पहिल्या गटात ६.९ टक्क्यांना झाली, दुसऱ्यात ८.९ टक्क्यांना. फरक आहे, पण एका गादीला दुसरीहून सरस ठरवावं एवढा नाही. ती चाचणी नवी जखम टाळण्याची होती. झालेली जखम भरण्याबद्दल कोक्रेन या, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०२१ चा आढावा सांगतो की हवेच्या, पण आळीपाळी न करणाऱ्या गाद्यांवर फोमपेक्षा जास्त जखमा पूर्ण भरत असाव्यात. आळीपाळीच्या गाद्या त्यात फोमहून चांगल्या की कसं, ते स्पष्ट होत नाही. हवा सोडणाऱ्या गादीवर फोमपेक्षा जखमा वेगाने आक्रसल्या असा १९९३ चा अमेरिकेतल्या नर्सिंग होममधला एक अभ्यास आहे, पण पेशंट जेमतेम ८४.

मग मी नळ्यांची का सांगते? कारण आपल्या बाजारात ती मिळते, भाड्याने मिळते, बिघडली तर पंप बदलून मिळतो, आणि तिची उंची पुरेशी असते. उत्तम प्रतीचा वैद्यकीय फोम मिळत असेल तर तोही चालेल. पण सतरंजीच्या दुकानातला पिवळा स्पंज तो नव्हे. तो महिन्याभरात बसतो.

महागडी गादी कधी घ्यायची याचा आमचा आडाखा सोपा आहे. पेशंटला जखमेवर न टेकता झोपवता येईल अशा किती बाजू उरल्या आहेत ते मोजायचं. पाठ, डावी कूस, उजवी कूस. तुमच्या आईची पाठ गेली. ऑपरेशन झालेल्या कुशीवर किती आणि कसं वळवायचं ते हाडांच्या डॉक्टरांना राउंडला विचारा. सांधा बदलला असेल तर नियम वेगळे, नुसता रॉड किंवा स्क्रू असतील तर वेगळे. ते म्हणाले की उशी मध्ये घालून दोन्ही कुशींवर थोडं वळवा, तर नळ्यांची गादी पुरेल. ते म्हणाले त्या कुशीवर बिलकुल नको, तर एकच बाजू उरते आणि सगळा भार तिच्यावर येतो. अशा वेळी, किंवा दोन बाजूंना जखमा असतील, किंवा सगळं नीट करूनही जखम भरत नसेल, तर हवा सोडणाऱ्या गादीचा विचार करा, तीही भाड्याने. मणका अस्थिर असलेल्या पेशंटला मात्र कुठलीच हवेची गादी सर्जनना विचारल्याशिवाय घालू नका.

आता गादी घालण्याबद्दल, आणि इथे जरा सविस्तर सांगते.

हवेची गादी उघड्या लोखंडी पलंगावर घालायची नाही. खाली नेहमीची गादी हवीच. पंपाची बाजू पायाकडे, पंप पलंगाच्या पायथ्याच्या दांड्याला अडकवलेला, नळ्या पलंगाच्या घडीत चिरडल्या जात नाहीत ना ते बघायचं. वर एकच सुती चादर, सैल. ताणून खोचलेली चादर झोळीसारखी ताठ होते आणि खालची हवा कामाची राहत नाही. खरी गडबड इथेच होते. गादी आणली जाते, तिच्यावर मॅकिंटॉश (रबरी कापड), त्याच्यावर ड्रॉ शीट (कमरेखालची आडवी चादर), त्याच्यावर डायपर, आणि आईला थंडी वाजेल म्हणून घरून आणलेली वाकळ घडी करून. एवढ्या थरांवर आई झोपते, आणि गादी खाली आपल्याच नादात फुगत आणि बसत असते. वाकळ अंगावर घाला, अंगाखाली नको. रबरी मॅकिंटॉश घामाने कातडी भिजवतो. ओली कातडी लवकर फाटते. लघवी होत असेल तर एक शोषून घेणारा पॅड पुरे, भिजला की लगेच बदला.

पंपावर बहुतेक वेळा वजनाप्रमाणे दाब ठेवायचं बटण असतं. ‘जास्त फुगवली की जास्त चांगली’ हा गैरसमज आहे. कडक फुगलेली गादी पाटासारखी होते. वजनाच्या खुणेवर ठेवा आणि मग हाताने तपासा. आई जशी नेहमी झोपते तशीच असू द्या. तळहात वर करून हवेच्या गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या जागी सरकवा. हात आणि हाड यांच्यात साधारण इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर दाब वाढवा. वाढवूनही टेकत असेल तर ती गादी आईच्या वजनाला पुरत नाही, दुकानदाराला परत करा. पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली असताना हे परत करून बघा, कारण तेव्हा सगळं वजन कमरेखाली उतरतं. रोज एकदा, आणि पंपाला हात लावला की प्रत्येक वेळी.

डोक्याकडच्या बाजूचं आणखी एक सांगायचं राहिलं. पलंग तीस अंशांच्या वर उचलला की पेशंट हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून वर राहते, हाड खाली जातं, मधलं मांस पिळवटतं. जखम आतून पोखरण्यामागे हे मोठं कारण. जेवण भरवताना आणि त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळापुरतं उंच ठेवा, मग तीस किंवा त्याखाली. उचलताना आधी गुडघ्यांकडची बाजू थोडी वर करा, नंतर डोकं. घसरलेल्या आईला काखेत धरून वर ओढू नका. दोघांनी दोन बाजूंनी अंगाखालची चादर धरून उचलायचं.

एअर गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबत नाही. दर दोन तासांनी ही शिस्त डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमध्ये मणक्याच्या पेशंटसाठी लावली. चांगल्या फोमवर झोपणाऱ्या वृद्धांत दोन, तीन आणि चार तासांनी वळवण्यात फारसा फरक पडला नाही असा नर्सिंग होममधला अभ्यास २०१३ मध्ये आला, पण त्यातल्या कुणालाही सुरुवातीला जखम नव्हती. तुमच्या आईला आहे. तिला पाठीवर शक्यतो नकोच. पूर्ण कुशीवर नव्वद अंशांतही नको, कारण मग खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे लोड लावून तीस अंशांचा तिरका कल द्या, गुडघ्यांच्या मध्ये उशी. हात घालून खात्री करा की माकडहाड मोकळं आहे.

आमच्या वॉर्डात बऱ्याच सिस्टर कन्नड बोलतात, नातेवाईक मराठी, आणि केसपेपर इंग्रजीत. यात वळवण्याची वेळ हमखास हरवते. आम्ही पलंगाच्या डोक्याशी घड्याळाचं चित्र लावतो, दर दोन तासांपुढे डावी किंवा उजवी असा बाण. कुणालाही वाचता येतं, आणि रात्री दोनचा बाण राहिला तर सकाळी दिसतो. घरी गेल्यावरही हे चित्र भिंतीला लावा.

टाचेवरचा काळा डाग पाठीच्या जखमेइतकाच गंभीर धरा. कुठलीही एअर गादी टाच पुरेशी वाचवत नाही. पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी घाला, गुडघा किंचित वाकलेला, टाच हवेत. टाचेखालून कागद आरपार सरकला पाहिजे. काळी खपली कोरडी, घट्ट असेल, भोवती लाली, सूज किंवा पू नसेल तर ती खरवडू नका, कुणाला कापूही देऊ नका. शुगरच्या पेशंटच्या पायातला रक्तप्रवाह आधी डॉक्टरांनी तपासायला हवा. खपली मऊ झाली, ओलसर झाली, वास आला तर त्याच दिवशी दाखवा.

आपल्याकडे साडीची चुंबळ करून माकडहाडाखाली ठेवतात, मध्ये भोक म्हणजे जखम मोकळी राहते या हिशेबाने. दुकानात मिळणारी गोल रबरी उशी ही तिचीच बहीण. दोन्ही काढून टाका. चुंबळीच्या कडेने रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मधल्या भागाला रक्त आणखी कमी मिळतं, सूज येते. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवायची पद्धत काही दवाखान्यांत अजून आहे, तीही सोडा. लाल झालेल्या जागी तेल लावून चोळणंही नको. आजी रागावतील, पण आतलं चेपलेलं मांस चोळण्याने आणखी फाटतं.

बसवण्याबद्दल. फिजिओथेरपिस्ट आईला लवकर उठवतील, आणि ते बरोबरच आहे. पण माकडहाडावर जखम असताना खुर्चीत दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी तासाभराच्या आत. खुर्चीतही चांगली उशी हवी. एअर गादीवर पैसे घालून दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवणारी घरं मी पुष्कळ बघितली आहेत.

आहारावर थोडक्यात सांगते, पण त्याला हलकं समजू नका. जखम भरायची तर रोज किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. आईचं वजन ५० किलो असेल तर साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. पेज आणि चहाबिस्किटांवर हे होत नाही. अंडी, दूध, दही, मसूर, मूग, मासे, जे पचेल ते, थोडं थोडं पण दिवसातून पाच-सहा वेळा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. भेटायला येणारे कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, घेऊन येतात. शुगरच्या पेशंटला तो कशाला? अंडी आणा म्हणून आधीच सांगून ठेवा. शुगर ताब्यात नसेल, हिमोग्लोबिन फार खाली असेल, तर लाखाची गादीही कामाची नाही. आणि तंबाखू. निपाणी पट्ट्यातल्या बायकांना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते, कारण मशेरीची सवय त्या आपणहून सांगत नाहीत. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं.

घरी नेताना विजेचा विचार करा. जांबोटीकडे पावसाळ्यात झाड पडून लाइन गेली की हेस्कॉमची माणसं येईपर्यंत रात्र जाते. लाइट गेल्यावर काही गाद्या तासाभरात बसतात, काही बराच वेळ हवा धरतात. दुकानातच प्लग काढून बघा. पंप अगदी थोडी वीज घेतो, त्यामुळे घरचा साधा इन्व्हर्टर त्याला रात्रभर पुरतो. तो नसेल तर लाइट जाताच पंपाच्या नळ्या काढून दुमडा आणि घट्ट बांधा. गादी आळीपाळी करणार नाही, पण हवा राहील. त्या रात्री कूस जास्त वेळा बदला आणि दर तासाला हात घालून बघा. गादी पूर्ण बसलीच तर ती काढून आईला खालच्या साध्या गादीवर घ्या.

जखम आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, आई त्याच कुशीवर असताना मोजा: लांबी, रुंदी, आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांकडून खोली. शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. नीट गादी, नीट वळवणं, नीट जेवण असं सगळं होत असेल तर दोन आठवड्यांत काहीतरी सुधारणा दिसायला हवी. तळ लाल, दाणेदार होतो, पिवळं-काळं कमी होतं, पाणी कमी येतं. जखम लगेच लहान दिसेलच असं नाही, उलट मेलेलं मांस साफ केल्यावर आधी मोठी दिसते, तेव्हा घाबरू नका. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर ड्रेसिंग, शुगर, रक्त, हाडापर्यंत गेलेला जंतुसंसर्ग, आणि गादी, सगळं पुन्हा तपासायचं. ताप, घाण वास, भोवती पसरणारी लाली किंवा आईचं एकाएकी बरळणं यातलं काही दिसलं तर मात्र दोन आठवडे थांबायचं नाही, थेट दवाखान्यात.

खोल जखमेला प्लास्टिक सर्जन फ्लॅप लावू शकतात, म्हणजे शेजारचं मांस-कातडी फिरवून खड्डा बुजवतात. ते बेळगावातही होतं, मिरज-कोल्हापूरलाही. त्यासाठी जखम स्वच्छ, शुगर ताब्यात आणि पोषण बरं असावं लागतं, आणि फ्लॅपनंतरचे काही आठवडे त्या जागेवर अजिबात भार चालत नाही. महागडी गादी भाड्याने घ्यायची वेळ ती. म्हणून म्हटलं, लाख रुपये आत्ता खर्चू नका. उद्या राउंडला हाडांच्या डॉक्टरांना कुशीबद्दल विचारा, त्यांचं उत्तर केसपेपरवर लिहून घ्या, आणि मगच दुकानात जा.